सारजानं कापलेली मुळं

शेळगावात आमच्या आळीला कुणाचं मेंढरू लंगडायला लागलं की माणूस आधी सारजाच्या दारात यायचा. गुरांचा डॉक्टर होता, पण तो लांब, आणि भेटला तर सुई टोचून मोकळा. सारजा सुई टोचत नव्हती. लेकराला न्हाऊ घालताना आपण पायांवर घेतो तसं ती मेंढरू उताणं करून मांडीत घ्यायची आणि खुरावर अंगठा फिरवत बसायची. तोंडाचा पट्टा चालूच.

"गप गं भवाने. तुज्या सासूनं तरी एवढं लाड केलं का तुजं?"

मग लहान सुरी काढायची. वाढलेला खूर असा सोलायची की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं, पण मेंढरू डोळे मिटून पडलेलं. शेवटाला हळद दाबायची आणि ढुंगणावर एक चापट मारून उठवायची. चार दिवसांत ते मेंढरू कळपाच्या पुढं.

मी एकदा विचारलं, "कुठवर कापायचं ते कळतं कसं गं तुला?"

"आक्का, कडक ते मेलेलं, मऊ ते जितं. कडक किती का सोल, ते हूं का चूं करत न्हाय. मऊला पातं लागलं की रगात आलंच. बोटाला इचारायचं, डोळ्याला न्हाय."

आमच्या दोघींच्या घरांना एकच भिंत. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं, आणि मी सुनेला काय बोलले ते तिला भिंतीतून. नवरा तिचा लवकर गेला. पाठीमागं साठ-सत्तर मेंढरं आणि बिरू नावाचा एक मुलगा. मेंढरं तिनं राखली, मुलगा शाळेत घातला. पुढं चहूकडं ऊस झाला. चरायला बांध राहिले, आणि बांधावर मेंढरू गेलं की शिव्या. बिरूला लोणी देवकरच्या एमआयडीसीत कारखान्यात काम लागलं. त्यानं चौऱ्याण्णव साली आईला समजावून सगळा कळप विकला. ट्रक आला त्या दिवशी सारजा माझ्या घरात बसून राहिली. मी भाकरी पुढं केली, ती खाल्ली नाही आणि टाकलीही नाही, हातात धरून होती.

बिरू तिला लोणीला न्यायला बसला होता. "आये, आता कुलूप लाव घराला. चल माज्यासंगं."

ती आठ दिवस जाऊन आली. एक खोली, तिच्यात बिरू, त्याची बायको म्हाळसा आणि दोन लेकरं. म्हाळसा वाईट नाही बिचारी. पण सारजानं भांड्याला हात लावला की ती म्हणायची, "राहू द्या आत्या, बसा तुमी." सारजा आठ दिवस बसली. परत आली ती थेट माझ्या दारात.

"आक्का, बसून बसून माज्या हाताला मुंग्या आल्या बग. हाताला काम हाय तवर ह्या उंबऱ्यातनं मी हालायची न्हाय. काम सरलं की मग काय, नेऊन ठेवतील तितं बसायचं. देवळातल्या उंदरावाणी."

"उंदराला निदान परसाद तरी मिळतो," मी म्हणाले.

"त्योबी सुनंच्या हातचा," ती म्हणाली, आणि दोघी हसलो. पण मला कळलं होतं की ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. तिच्या जिवाची सगळी गाठ तेवढ्या एका गोष्टीला होती.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात बारामतीच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला, एका बागायतदाराच्या सुनेनं हिरव्या जाळीची शेड घातली. सुप्रिया तिचं नाव. शेतीचं कॉलेज शिकलेली. तिला बाया पाहिजे होत्या. सारजा मला म्हणाली, चल. माझा संसार सुनेच्या हातात गेलेला, मलाही घरात करमत नव्हतं. गेले. सकाळी एस.टी.नं जायचं, संध्याकाळी एस.टी.नं यायचं.

शेडमध्ये ना टोमॅटो, ना गुलाब. एकशेदहा कुंड्या, आणि कुंडीत मातीच नाही! कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या. त्यात बोटाएवढ्या जाड कांड्या आणि वर चामड्यासारखी पानं. ऑर्किड म्हणतात त्याला. सुप्रिया ती झाडं बंगळूरहून घेऊन आली होती. पुण्याच्या मोठ्या लोकांना दिवाणखान्यात ठेवायला लागतात म्हणे.

सारजा कुंडीत वाकून म्हणाली, "वैनी, ही तर बांडगुळं की वो. आंब्यावर आली की आमी खराटा घालून काडतो."

"बांडगूळ नाही मावशी. बांडगूळ दुसऱ्याचं रक्त पितं. हे नुसतं टेकून बसतं, खातं आपलं आपण."

"म्हंजे माज्यासारकं," सारजा म्हणाली.

सुप्रियाचे सासरे सर्जेराव, त्यांना सगळे आबा म्हणायचे, रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि जाळीबाहेरूनच विचारायचे, "काय म्हनत्यात बांडगुळं? साखर किती उतरली आज?" सुप्रिया गालात हसायची, पण कान लाल व्हायचे. तिला एवढ्याशा जागेसाठी घरात किती बोलावं लागलं असेल ते मला तिच्या त्या कानांवरून कळायचं. नवरा विजयसिंह भला होता, पण बापापुढं त्याच्या तोंडाला कुलूप.

सारजाला मात्र त्या शेडमध्ये काही तरी परत मिळालं. सकाळी गेल्या गेल्या ती कुंड्या मोजायची. मेंढरं मोजतात तशी, बोटं न लावता, हनुवटीनं. तिनं नावंही ठेवली. पान चिरलेल्या झाडाचं नाव कानफाटी. एकाला एकच कांडी उरलेली, ती रांड. पहिलं फूल आलं त्या जांभळ्या झाडाला तिनं कुंकवाचं बोट लावलं. सुप्रिया हसून हसून दमली. पण नंतर तीही विचारायला लागली, "मावशी, आपली कानफाटी कशी आहे?"

एक दिवस सालगड्याची शेळी लंगडत आली. तिचा खूर सडला होता. सारजानं तिथंच मांडीत घेऊन पाच मिनिटांत साफ केला. सुप्रिया बघत उभी होती. म्हणाली, "मावशी, हा हात सोन्यात मढवून ठेवला पाहिजे." सारजा लाजली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली. जाताना एस.टी.त तिनं ते वाक्य मला तीनदा ऐकवलं. जणू मी तिथं नव्हतेच.

दीड वर्ष बरं गेलं. त्या दीड वर्षात बिरूनं न्यायचं नाव काढलं की सारजा म्हणायची, "वैनीला इचार सोडती का मला."

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत कुंड्या बदलायचं ठरलं. आतला काथ्या कुजला होता, मुळं कुंडीबाहेर लोंबत होती. नव्या कुंड्या आल्या, कोळशाची पोती आली. सोमवारी सुरू करायचं. रविवारी रात्री सुप्रियाच्या माहेराहून कोल्हापूरचा फोन आला, आई पडली, मांडीचं हाड मोडलं. सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा जीप दारात उभी आणि सुप्रियाचा एक पाय जीपमध्ये.

ती घाईनं म्हणाली, "मावशी, मी परत येईपर्यंत थांबलं तर नवे कोंब मोठे होतील, मग हात लावता येणार नाही. तुम्ही करा. झाड आधी भिजवायचं, मग कुंडीतून सोडवायचं, जुना काथ्या झटकायचा. मेलेली मुळं कापायची, जिवंत ठेवायची. कात्री प्रत्येक झाडाला दिव्यावर धरायची. मग नव्या कोळशात बसवायचं आणि चार दिवस पाणी नाही."

एवढं सांगून ती जीपमध्ये बसली. बसल्यावर परत तोंड बाहेर काढलं. मला ते तोंड अजून दिसतं, रडून सुजलेलं आणि तरी हसरं.

"जितं कुठलं आणि मेलं कुठलं हे तुम्हाला मी काय सांगू? तुमचं आयुष्य त्यात गेलं."

जीप गेली. सारजानं पदर खोचला.

पहिलं झाड कानफाटी. भिजवलं, सोडवलं, काथ्या झटकला. मुळं दोन जातीची निघाली. एक पांढरी, चुन्याचा हात दिल्यासारखी, ताठ, वाकवली तर कटकन मोडतील अशी. दुसरी तपकिरी, मऊ, ओली. सारजानं डोळे मिटले आणि अंगठा फिरवला, खुरावर फिरवायची तसाच. मऊ मूळ दाबलं तर पाणी आलं.

"बग," ती म्हणाली, "वलावा हाय. जीव हाय ह्यात." आणि पांढऱ्या मुळाला नख लावलं. "हे नुसतं शिंगट झालंय. वाढलेला खूर."

मी म्हणाले, "सारजे, पर ह्या पांढऱ्याच्या टोकाला हिरवं दिसतंय की गं."

"आक्का, तू आयुष्यात एक खूर कापलायस का?"

नव्हता कापला. गप्प बसले. मला वाटलं, मला काय कळतं. आणि खरं सांगायचं तर मला तिच्याशी वाद घालून त्या दिवशीची तिची मिजास मोडायची नव्हती. किती वर्षांनी ती अशी पाय पसरून, मांडीत काही तरी घेऊन बसली होती!

तीन दिवस ती कापत होती. मी भिजवायची, सोडवायची, कोळसा भरायची. कात्री प्रत्येक झाडाला दिव्यावर धरायची, त्यात तिनं एकदाही चूक केली नाही. कापल्या जागी हळद लावायची. वैनीनं हळदीचं सांगितलं नव्हतं, ते तिनं आपल्या मनानं केलं, आणि तेवढं तिनं बरोबर केलं होतं म्हणे, पुढं सुप्रियाच म्हणाली. पांढऱ्या मुळांचा ढीग पडत गेला. लोकर कातरल्यावर पडतो तसा. तिसऱ्या दिवशी दुपारी कोळसा सरला. एकशे एक झाडं झाली होती, नऊ राहिली. विजयसिंह म्हणाले, कोळसा आला की बघू. तो काही आला नाही. ढीग आम्ही बांधाच्या खड्ड्यात टाकला.

संध्याकाळी सारजा शेडभर हिंडली. म्हणाली, "कशी हलकी झाली बग एकेक. आता पळतील."

सुप्रिया तीन आठवड्यांनी आली. आईचं हाड बसलं होतं, तिचा चेहरा निवला होता. शेडमध्ये शिरली आणि उभी राहिली. मी बघत होते. पानांवरची चकाकी गेली होती आणि कांड्यांना सुरकुत्या पडल्या होत्या, म्हातारीच्या दंडाला पडतात तशा.

"कुंडी बदलली की थोडी रुसतात," ती म्हणाली. पण ते तिनं आम्हाला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

रुसवा गेला नाही. मार्च संपला, ऊन तापलं. सुप्रियानं पाणी वाढवलं. झाडं बुडातून काळी पडायला लागली. सकाळी आलं की दोन गेलेली, दुसऱ्या दिवशी चार. सारजा हनुवटीनं मोजायची आणि मोजता मोजता मध्येच थांबायची. सुप्रियानं पुण्याहून एक साहेब बोलावला. तो डोक्यावर टोपी घालून आला, पाणी चाखलं, थुंकला आणि म्हणाला, बोअरचं पाणी खारं आहे, ह्या पाण्यात हे पीक होणार नाही.

झालं. त्या दिवसापासून सारजा कालव्यावरून घागरी आणायला लागली. डोक्यावर एक, कमरेवर एक, भर उन्हात. सुप्रिया म्हणायची, "मावशी, मजूर लावते, तुम्ही नका." सारजा ऐकेना. आबा जाळीबाहेरून म्हणाले, "अगं सारजाबाई, मेलेल्या म्हशीला कशाला चारा घालतीस?"

"आबा, म्हस तुमी पाळा. मेंढरू माजं हाय," ती म्हणाली. तिचं हे शेवटचं फटकारणं. पुढं ती कुणाला असं बोललेली मी ऐकलं नाही.

पण पाणी वाहता वाहता तिच्या मनात एक किडा शिरला. कोपऱ्यातली ती नऊ झाडं, कोळसा सरला म्हणून राहिलेली, जुन्या कुजक्या काथ्यातच उभी, ती हिरवीगार होती. एकाला फुलाचा दांडा आला होता.

एस.टी.त ती मला हळूच म्हणाली, "आक्का, पाणी तर सगळ्यांना तेच हाय."

"त्यांना कुंडीतनं काडलं न्हाय ना. धक्का न्हाय बसला त्यांना."

"व्हय," ती म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड केलं. अंगठा दुसऱ्या बोटावर घासत होती, काही तरी चाचपल्यासारखा.

मे महिन्यात मांजरानं उडी मारली आणि त्या नवांतली एक कुंडी फुटली. झाड उघडं पडलं. सुप्रियानं ते उचललं, पडवीत आली, आम्हाला हाक मारली. म्हणाली, "या, मी पण बघते आता नीट. कोल्हापूरला जायच्या गडबडीत पहिल्यांदा सगळं तुमच्यावर टाकलं."

तिनं काथ्या झटकला. तीच दोन जातीची मुळं. पांढरी आणि तपकिरी. तिनं पांढरं मूळ बोटांच्या चिमटीत धरलं आणि लहान मुलीला दाखवावं तसं सारजापुढं केलं.

"हे बघा मावशी. कसं टणक आहे! हे ह्याचं जीवन. ह्या पांढऱ्या सालीनं ते हवेतलं पाणी ओढतं. आणि हे पिचपिचीत झालेलं, हे कुजलेलं. दाबलं की नुसतं पाणी आणि आत दोरा. हे सगळं काढून टाकायचं."

कात्री लावून तिनं मऊ मूळ तोडलं आणि खाली टाकलं. मी सारजाकडं बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. नुसता तिचा श्वास ऐकला. सुप्रिया आपल्या नादात होती. दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. तिच्या ध्यानात काहीच आलं नाही. तिला वाटत होतं, ही गोष्ट आम्हाला आधीपासून माहीत आहे.

त्या दिवशी एस.टी. पकडायला आम्ही उन्हात चालत होतो. फाट्यावर सारजा खाली बसली, भुईवर, धुळीत.

"माज्या ह्या हातानं," ती म्हणाली. "एकशे एक."

मी इकडं-तिकडं बघून म्हणाले, "हे बग, सायबानं पाण्यावर खापर फोडलंय. फुटलेलं खापर फुटलेलंच राहू दे. वैनीला कळलेलं न्हाय. तू सांगू नगंस. सांगून एकबी झाड उठायचं न्हाय."

"ती सोतावर खापर फोडून घेती आक्का. माज्यामुळं झालं, मी गेले कोल्हापूरला, असं म्हनती. आबा रोज दारात येऊन तिला डाग देत्यात."

"देऊ देत. तिचा सासरा हाय. तुज्या हातातली भाकर जाईल, त्याचं काय? मग जा लोणीला आन् बस भित्तीला टेकून."

मला माहीत होतं कुठं मारायचं ते, म्हणून तिथं मारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, काहीच नव्हतं त्या बघण्यात.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. सुप्रिया हिशेबाची वही घेऊन पडवीत बसली होती. सारजा तिच्यापुढं उभी राहिली, हात पदराखाली लपवून.

"वैनी, पाणी खारं न्हाय. मी जितं कापलं आन् मेलं ठिवलं. मेंढराच्या खुराला कडक ते मेलेलं आसतं. मला वाटलं हितंबी तसंच."

सुप्रियाला आधी उमगलं नाही. मग उमगलं. ती उठली, बांधाच्या खड्ड्याकडं गेली. आम्ही दोघी पाठोपाठ. खड्ड्यात मुळांचा ढीग वाळून, तारांसारखा पडलेला. तिनं वाकून मूठभर उचलली. काही मुळांची टोकं अजून हिरवट दिसत होती, वाळली तरी. निदान मला दिसली. दीड वर्ष तिनं त्या टोकांची वाट बघितली होती, रोज पाण्याची फवारणी करून.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. सारजाची तयारी होती. सासूचं बोलणं खाल्लेली, शेतमालकांच्या शिव्या खाल्लेली बाई. एक ओरडणं तिनं पचवलं असतं, वरून दोन शब्द बोलून हसवलंही असतं. सुप्रिया म्हणाली, "तुमची काय चूक, मावशी? मी सांगितलं नाही." आवाज मऊ होता, अगदी लोण्यासारखा. आणि मुळं परत खड्ड्यात टाकून हात झटकत ती घरात गेली.

तिनं सारजाला काढलं नाही. हे लिहायलाच पाहिजे, नाही तर त्या पोरीवर अन्याय होईल. जूनमध्ये तिनं नवी झाडं आणवली, माहेरचा दागिना मोडला असं घरातली मोलकरीण म्हणत होती. आम्ही दोघी कामावर होतो. सारजानं खोकी उघडायला हात घातला आणि सुप्रिया पटकन म्हणाली, "राहू द्या मावशी, मी करते."

नुसतं एवढंच. नंतर प्रत्येक वेळी तेवढंच. पान पुसायला गेली, राहू द्या. दांडा बांधायला गेली, राहू द्या, तुम्ही बसा. सुप्रियाच्या तोंडात कडूपणा कणभर नव्हता. ती आदरानं म्हणायची. सारजाला झाडलोट होती, घागरी होत्या. सकाळी ती कुंड्या मोजेनाशी झाली. नव्या झाडांना नावं ठेवली नाहीत. मीच एकदा एकाला चपटी म्हणाले, तर ती म्हणाली, "ज्याचं हाय त्यो ठिवील नाव."

जुलैत एक दिवस ती एस.टी.ला आली नाही. मी हाक मारली तर भिंतीपलीकडून म्हणाली, "तू जा. माजी कंबर धरलीया." आठ दिवस कंबर धरलेलीच होती. सुप्रियानं माझ्याकडं विचारपूस केली, माझ्याच हाती औषधाची बाटलीही पाठवली. ती बाटली सारजानं उघडली नाही.

गावात ही गोष्ट कशी पोचली ते मला माहीत नाही. मी कुणाला सांगितली नव्हती. फक्त सुनेला सांगितली होती. आता त्यावर काय बोलायचं! चावडीवर पोरं हसली, "सारजाकाकूनं बागायतदाराच्या झाडाचं खूर कापलं." हसण्यात वाईट काही नव्हतं, पोरं ती. पण हसणं भिंतीतून जातं.

दिवाळीच्या अलीकडं दादासो आपली मेंढी घेऊन आला. आळीत आता त्याच्याकडंच तेवढी आठ-दहा राहिलेली. मेंढीचा पुढचा पाय उचललेला.

"काकू, जरा बगा की. टेकवीना झालीया."

मी माझ्या दारातून बघत होते. मनात म्हटलं, बरं झालं, आता हात मोकळा होईल हिचा. सारजानं मेंढी मांडीत घेतली. अंगठा खुरावर ठेवला. बोलली मात्र काही नाही. ना भवानी, ना सासू. अंगठा फिरला, थांबला, परत फिरला. सुरी काढली, खुराजवळ नेली. मेंढी निवांत पडलेली, तिला तरी कसला संशय. एवढा वेळ गेला की दादासोनं विडी पेटवली आणि विझवलीही.

मग सारजानं सुरी खाली ठेवली आणि मेंढीला सोडून दिलं.

"डाक्टराकडं ने, दादासो."

"आवो काकू, तुमच्यापरीस डाक्टराला काय कळतंय?"

"मला कळंना झालंय. जितं कुठलं आन् मेलं कुठलं, बोट सांगंना मला."

दादासो हसला. त्याला वाटलं चेष्टा. मग तिचं तोंड बघून मेंढीला खांद्यावर टाकून निघून गेला. त्या मेंढीचा खूर साधाच वाढला होता. मी नुसतं लांबून बघून सांगितलं असतं. पण मी कोण सांगणार? एकदा गप्प बसलेलं माणूस पुढं बोललं तरी त्याला वजन राहत नाही.

त्याच आठवड्यात तिनं पोस्टातल्या माणसाकडून बिरूला चिठ्ठी लिहून घेतली. बिरू रविवारी टेम्पो घेऊन आला. फार खूश होता. कोंबडी, पाटा, दोन गोधड्या, पत्र्याची पेटी, सगळं त्यानं स्वतः चढवलं. घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. म्हाळसानं त्याच्या हाती सासूसाठी नवं लुगडं पाठवलं होतं. म्हटलं ना, वाईट नाही ती.

"आये," बिरू म्हणाला, "लय केलंस जन्मभर. आता कायबी करायचं न्हाय. बसून ऱ्हायचं, आराम करायचा."

मी वाट बघत होते. तिच्याकडून काही तरी येईल, उंदराचं, म्हशीचं, काही तरी. निदान मला एखादा चिमटा काढील.

"व्हय," ती म्हणाली.

बिरूनं तिला हाताला धरून टेम्पोत पुढं बसवलं. तिनंही बसवून घेतलं. टेम्पो इंदापूरच्या रस्त्याला लागला. माझी शेळी मागं ओरडत होती, तिला पाला टाकायचा राहिला होता, म्हणून मी घरी आले.